वाढीव वॉरंटीचा ठराव

आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय मीच घेतो. कोणता घेतला, ते मला सभा संपल्यावर कळतं.

सभा ही भानगड माझ्या सासुरवाडीची. ते गाव हिवरे बाजारच्या पट्ट्यातलं. तिकडं ग्रामसभा म्हणजे पोरखेळ नव्हे. यंदा पाणी किती आणि मग पीक कोणतं, हेसुद्धा चारचौघांत हात वर करून ठरतं. माझे सासरे आप्पा हे एकेकाळचे सरपंच. सरपंचपद गेलं, पण सभा घ्यायची सवय काही जाईना, म्हणून त्यांनी ती घरात आणली. मेहुण्याचं लग्न, गोठ्याचं छप्पर, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कशाचाही ठराव मांडायचा. त्याला एक सूचक, एक अनुमोदक, मग हात वर. (गुडघ्याच्या वेळी सासूबाई एकट्याच विरोधात होत्या. पण बहुमत म्हणजे बहुमत!) आणि एकदा मंजूर झालेला ठराव पुन्हा उकरून काढायचा नाही, हा आप्पांचा कायदा.

लग्न झाल्यापासून या सभेत मी ज्या बाजूनं हात वर केला, ती बाजू हरत आली आहे. खरं तर हे आश्चर्यच. मी एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो, शिवाय नगरमधल्या निम्म्या सत्कारांचं सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. प्रमुख पाहुणे पुण्याहून निघालेच नाहीत हे ठाऊक असताना ‘ते वाटेत आहेत’ असं सांगून मी भरलेलं सभागृह बसवून ठेवलेलं आहे! आप्पांच्या सभेत आपलं एकदा तरी ऐकलं जावं, एवढीच माझी इच्छा होती. आणि नवी गाडी घेतली त्या दिवशी तो योग आला.

शोरूममधल्या विक्रेत्यानं सगळं झाल्यावर हळूच विषय काढला. “सर, एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका. कंपनीची वॉरंटी संपली तरी पुढं टेन्शन नाही.”

“गाडी एवढी खराब आहे का?” मी.

“छे छे! एकदम बेस्ट गाडी आहे, सर.”

“मग घेऊ कशाला?”

तो माहितीपत्रक चाळू लागला. मी विजयी नजरेनं बायकोकडे पाहिलं.

“अहो, आत सगळी इलेक्ट्रॉनिक्सची कामं आहेत,” वैशाली म्हणाली. “एक पार्ट उडाला तर रडायची वेळ येईल. घेऊन टाका.”

“नव्या गाडीला काय होतंय?”

“ती वॉरंटी गाडी जुनी झाल्यावरचीच आहे!”

विक्रेता म्हणाला, “सर, आजचा दिवस ऑफर आहे. शोरूम बंद व्हायच्या आत फोन करा. नंतर महाग पडेल.”

“आप्पा आलेत घरी. सभेपुढं ठेवू,” वैशाली म्हणाली, आणि मी आनंदानं होकार दिला. मग हार घातलेल्या गाडीपुढं आमचा फोटो निघाला. त्या वेळी विक्रेता गाडीतलं काहीतरी समजावून सांगत होता. (वैशाली त्याच्याकडे बघत होती, मी कॅमेऱ्याकडे.) शेवटी त्यानं स्वतःच गाडी चालू केली आणि मला आत बसवलं. मी ती पुणे रोडनं थेट केडगावात आमच्या सोसायटीपर्यंत आणली. वाटेत एकदासुद्धा बंद पडली नाही!

खाली पार्किंगमध्ये सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्याच होत्या. मी हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून रुबाबात उतरलो. हळदीकुंकू झालं, नारळ फुटला, चारी चाकांखाली लिंबं गेली. आप्पांनी प्लास्टिकची खुर्ची मागवली आणि टोपी नीट करून सभा सुरू केली.

“ठराव असा, की नव्या गाडीला वाढीव वारंटी घ्यावी. सूचक वैशाली. अनुमोदक?”

“मी!” शेजारचे जगताप पेढा खात पुढं आले.

“तुमचा काय संबंध?” मी विचारलं.

“सर, गाडी बंद पडल्यावर ढकलायला कोण येणार? आम्हीच ना?”

“बराबर हाय,” आप्पा म्हणाले. “ज्याला झळ लागती त्याला मत हाय.”

हे ऐकून पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत ज्यांना ज्यांना झळ लागण्याची शक्यता होती, ते सगळे खाली उतरले. मला उलट बरं वाटलं. गर्दी वाढली की माझा आवाज खुलतो.

“बोला जावईबापू, तुमचं काय म्हननं?”

मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. एक पाय आत, एक पाय बाहेर, एक हात टपावर. “सन्माननीय अध्यक्ष, उपस्थित बंधू-भगिनींनो! वॉरंटी म्हणजे काय? वॉरंटी म्हणजे भीती! आणि भीती कुणाला वाटते? ज्याचा आपल्या निवडीवर विश्वास नाही त्याला! माझा आहे. पुरावा हवा? नुसतं हे बटण दाबतो. या गाडीचं इंजिन स्वतःच तुमच्याशी बोलेल!”

मी बटण दाबलं.

टुंग.

पडदा उजळला, दिवे लागले, कुठलंसं मंजुळ संगीत वाजलं. इंजिन मात्र बोललं नाही.

“लाजतीय,” कुणीतरी म्हणालं.

पुन्हा दाबलं. टुंग. मी रीतसर आत बसलो, दार लावलं, देवाचं नाव घेतलं आणि दाबलं. टुंग. पडद्यावर कसलंसं चित्र लुकलुकत होतं. सासूबाईंनी खिडकीतून डोकं आत घातलं.

“अगं बया! पाऊल दावतंय ते. चपला काढा म्हनत असंल! आत्ता पूजा झालीया, अन् तुमी बुटासकट बसलाव!”

आता एरवी मी असल्या गोष्टी मानत नाही. पण बटण ऐकत नसलं की माणूस सासूचं ऐकतो. मी बूट काढले. माझ्यामुळे गाडीच्या आसपास उभ्या असलेल्या सगळ्यांनीच चपला काढल्या. आप्पांनी आपल्या करकरीत वहाणा खुर्चीखाली सारल्या. पार्किंगला देवळाचं स्वरूप आलं. मी दाबलं. टुंग.

“मोजे बी काढा,” सासूबाई म्हणाल्या.

मोजे काढले. टुंग!

“धक्का मारू या!” जगताप गरजले. पार्किंगमधली सात-आठ अनवाणी माणसं डिकीला भिडली. “जोर लावाऽऽ!” गाडी तसूभर हलली नाही. जगतापांच्या कपाळावर घाम आला. “सर, गाडी मात्र लई मजबूत घेतली हां! हालतच नाही!”

(हँडब्रेक ओढलेला आहे हे मला नेमकं तेव्हा आठवलं. पण माणसं इतक्या मनापासून ढकलत होती की सांगणं जिवावर आलं.)

आप्पा उठून उभे राहिले. “सभेनं डोळ्यांनी बघितलंय. गाडी आज आली अन् आजच बसली. आता चर्चा पुरं. वाढीव वारंटीच्या बाजूनं हात वर करा.”

हातांचं रान उगवलं. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी बाल्कनीतून हात वर केला.

“विरोधात?”

मी हात वर केला. एकट्यानं, अनवाणी, पण ताठ मानेनं!

“मंजूर,” आप्पा म्हणाले. वैशालीनं तिथूनच शोरूमला फोन लावला आणि दोन मिनिटांत मोबाईलवरून पैसेही भरले. पावती आल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि टाळ्या वाजवल्या. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “सरका जरा. मला बघू द्या.”

“माझ्याच्यानं झालं नाही, तुझ्याच्यानं काय होणार?” असं म्हणतच मी उतरलो. हे वाक्य मी बोललो नसतो तर बरं झालं असतं.

ती बसली. डाव्या पायानं क्लच दाबला, बोटानं बटण दाबलं. इंजिन इतक्या मऊ आवाजात चालू झालं की जगतापांनी वाकून खात्री करून घेतली.

“क्लच दाबल्याशिवाय चालू होत नाही ही,” वैशाली शांतपणे म्हणाली. “शोरूमवाला तेच सांगत होता. ते पावलाचं चित्रही क्लच दाबा म्हणूनच.” आणि तिनं हँडब्रेक खाली केला. डिकीला अजून टेकून असलेले दोघे जण लटपटले.

मला खरोखर धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण वक्ता तो वक्ताच! “म्हणजे गाडी ठणठणीत आहे!” मी ओरडलो. “आप्पा, माझंच खरं ठरलं! ठराव रद्द करा!”

“मंजूर ठराव मागं घेता येत न्हाई,” आप्पा म्हणाले. “आन् गाडीत दोष न्हाई म्हनल्यावर, दोष कशात हाय ते सभेनं बघितलंच की.” त्यांनी वैशालीचा फोन मागून घेतला आणि शोरूमला विचारलं, “का हो, ती वारंटी जावयानं गाडी चालवली तरी लागू ऱ्हाती का?”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आप्पा मात्र बराच वेळ मान डोलवत होते.

फोन ठेवून ते पुन्हा खुर्चीत बसले. “दुसरा ठराव. आता समद्यांना गाडीतनं गावाकडं जायचंय. गाडी वैशाली चालवंल. सूचक तुमच्या सासूबाई. अनुमोदक?”

“मी!” अर्थातच जगताप.

“बाजूनं हात वर करा.”

मी सगळ्यांकडे पाहिलं. मग बूट डाव्या हातात घेतले आणि उजवा हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला. लग्न झाल्यापासून सभेत मी जिंकण्याची ती पहिलीच वेळ!