अर्धी नाळ

डिस्टिल्ड वॉटर संपलं, लोडशेडिंगमुळे यंत्र बंद, म्हणून मी नळाचं पाणी दोनदा उकळून, खाद्य कालवून पेशींना पाजलं. जंतू मेले की विषय संपला, असा माझा एम.एस्सी.पर्यंत शिकून झालेला समज.

वर्ध्याच्या त्या प्रयोगशाळेत आम्ही नाळेच्या रक्तवाहिनीतल्या पेशी वाढवायचो. नाळ बाळंतपणाच्या वॉर्डातून मागून आणायची. ही नाळ रोहणा गावच्या एका आजीच्या नातवाची. नाळ अंगणात पुरायची असते, म्हणून आजी देईना. मी फारच गयावया केल्यावर म्हणाली, "अर्धी ने. पण वाया नाई गेली पाह्यजे."

सुनेचं सिझेरियन झालेलं, त्यामुळे मुक्काम लांबला. मी वॉर्डात दिसलो की आजी विचारायची, "वाढून राह्यल्या का रे?"

"वाढून राह्यल्या, आजी," मी शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाटीबद्दल सांगावं तसं सांगायचो.

प्रयोग माझ्या वरिष्ठ ताईंचा. या पेशींच्या आत एक प्रथिन बांधून ठेवलेलं असतं. बाहेरून दाहाचा निरोप आला की बांधणारी दोरी तुटते, प्रथिन केंद्रकात शिरून हुकूम सोडतं, पेशीच्या अंगावर आकडे उगवतात आणि वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना अडकतात. ताईंचं औषध ती दोरी वाचवतं का, हे बघायचं होतं. एका बशीला निरोप द्यायचा, दुसरी निवांत ठेवायची, मग दोन्हींवर पांढऱ्या पेशी सोडायच्या.

निवांत बशीतही पांढऱ्या पेशी गुळाला मुंगळे लागावेत तशा चिकटल्या होत्या.

"नाळेतच संसर्ग असणार. डॉक्टरांना सांगते," ताई म्हणाल्या.

मी "हो ना" म्हणालो. पाणी आठवलं होतं. पण उकळलेलं होतं की! संध्याकाळी पुस्तक उघडलं. मेलेल्या जंतूंच्या आवरणाचे तुकडे उकळूनही टिकतात, आणि पेशी तोच निरोप समजून पेटतात. त्या बशीत मीच रोज काडी टाकत होतो.

सकाळी वॉर्डात गेलो. सुनेची सुट्टी थांबवलेली, पुन्हा रक्त काढलेलं. आजी बांधलेल्या गाठोड्यावर बसून होती. मला बघून तिनं पेशींची चौकशीसुद्धा केली नाही. मी तसाच ताईंकडे पळालो आणि सगळं ओकलो. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि मला दार दाखवलं, "आजींना तू सांग."

सांगितलं. दोरी, निरोप, आकडे, सगळं. माझी अक्कल तेवढी वगळून.

"म्हंजे सुनेले काई नाई झालं?"

"नाही आजी. दोष पाण्यात होता."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मंग उरलंसुरलं वापस आणून दे. अर्धीच पुरली तं पोरगं तुह्यावानी निंघन."