गणपतीपुढचं सुमान

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं, पण काल केळीच्या पानात वाफवलेल्या भाताचा वास आला आणि अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं मुलाचं घर आठवलं. साल दोन हजार चार असावं. घरी गणपती बसले होते. शेजारची फिलिपिनो बाई सुमान घेऊन आली. नारळाच्या दुधात साखर घालून शिजवलेला चिकट भात, केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेला. "काका, फॉर युवर गॉड," म्हणाली. मी हसून ताट घेतलं आणि तिच्याकडे डुकराचं मांस शिजतं म्हणून गुपचूप गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. आरतीच्या वेळी ती मागे उभी राहून नैवेद्यात आपलं ताट शोधत होती. बायकोच्या ते लक्षात आलं. "सुमान कुठाय?" तिने मला विचारलं. "अगं, त्यांची भांडी…" मी पुटपुटलो. "बाबा, प्लीज!" मुलगा म्हणाला. बायको गॅरेजमधून ताट घेऊन आली, मोदकांशेजारी ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तांदूळ, नारळ, साखर. मोदकात तरी वेगळं काय असतं हो?" मग पहिलं सुमान तिनेच सोलून खाल्लं. चारचौघांत माझी मान खाली गेली, तरी तिचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच ताटात मोदक भरून तिने मला शेजारी पाठवलं. वाटेत मी 'सॉरी' घोकत होतो. दार उघडून शेजारीणच उत्सुकतेने म्हणाली, "काका, डिड गॉड लाइक इट?" मी "व्हेरी मच" म्हणालो आणि परतलो. आज माफी मागतोय ती मराठीत, तिला न वाचता येणाऱ्या भाषेत.