विचारल्याशिवाय पत्ता सांगू नये

कोणी कोणाचं घर विचारलं, की यमुनाबाई विचारणाऱ्याला आधी पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळत आणि म्हणत, "काम काय हाय तुमचं?" माझे थोरले मेहुणे जिंतूरहून पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांना नळापाशी उन्हात उभं करून त्या माझ्या दारात आल्या. "असा असा मानूस आलाय. सांगू का?" मेहुणे त्या मुक्कामात जेवलेही रुसूनच.

मानवतला आम्ही एकाच ओळीतल्या खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मी शाळेत शिकवत असे, त्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांची ही सवय मला सुरुवातीला तऱ्हेवाईक वाटायची. तिचं कारण त्यांनी एका दुपारी ज्वारी निवडताना सांगितलं. नामांतराच्या दंगलीच्या दिवसांत त्यांच्या गावात मोटारसायकलवरून दोन अनोळखी माणसं आली होती. सभांमधून बोलणारा बौद्धवाड्यातला तो कुठं राहतो, असं त्यांनी विहिरीवरच्या एका बाईला विचारलं. तो म्हणजे यमुनाबाईंचा भाऊ. बाईनं घर दाखवलं. त्याच संध्याकाळी ते जळालं. भाऊ बायकापोरांना घेऊन ज्वारीच्या रानात लपला म्हणून वाचला.

"तिच्या मनात वाईट नव्हतं," यमुनाबाई म्हणाल्या. "तिनं बोट दाखिवलं फक्त. पन त्या बोटानं घर गेलं आमचं."

पुढे त्याच भावाची मुलगी सुनंदा त्यांच्याकडे राहायला आली. नवरा मारायचा, म्हणून ती सासरहून निघून आली होती. यमुनाबाई त्याच दिवशी स्टँडवरच्या हॉटेलवाल्याकडे, रेशन दुकानात, दूधवाल्याकडे, पोस्टमनकडे जाऊन आल्या. कोणी माझं घर विचारलं तर ठाऊक नाही म्हणा, एवढंच त्यांचं मागणं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हॉटेलवाला मात्र हसला. मानवतात कोणाचं घर झाकून राहतं का, म्हणाला.

थोड्याच दिवसांत सुनंदाचा नवरा भरदुपारी एस.टी.तून उतरला. पोरीची माय आजारी आहे, निरोप द्यायचाय, असं त्यानं हॉटेलात सांगितलं. हॉटेलवाल्यानं घर तर सांगितलंच, वर सिस्टर आत्ता दवाखान्यात असतील, पोरगी एकटीच भेटेल, हेही सांगितलं. एका ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या सायकलवर बसवून त्याला आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायची व्यवस्थाही केली. हे सारं आम्हाला नंतर कळलं. मला कळली ती सुनंदाची किंकाळी. मी बाहेर धावले, तर तो तिला केसांना धरून ओढत होता. शेजारच्या बायका जमल्या तेव्हा कुठं त्यानं तिला सोडलं. तोवर तिचा हात मोडला होता.

यमुनाबाईंनी तिला दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत तिच्यापाशी उभ्या राहिल्या आणि मग मला घेऊन थेट हॉटेलात गेल्या. मला वाटलं, त्या आता आकाशपाताळ एक करतील. पण त्यांचा आवाज चढला नाही.

"तुमाला सांगितलं व्हतं मी."

"त्यो म्हनला माय आजारी हाय," हॉटेलवाला म्हणाला. "आमी मदतच केली, सिस्टर. मानुसकी हाय का न्हाई?"

"मानुसकी करायची तर तिलाच इचारायचं. ती घरीच व्हती. असा मानूस आलाय, सांगू का, एवढं इचारायला कितीसा येळ लागला असता?"

बाकावरच्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ फार मायेनं म्हणाले, "झालं ते झालं. आता पोरीला कोन्या गावाला धाडनार?"

यमुनाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हॉटेलातून बाहेर पडल्या. मला मात्र संताप आवरत नव्हता. सांगायचं कोणाला आणि काय? वाईट वागलोय असं तिथं कोणालाच वाटत नव्हतं.

त्यांनी बदली मागून घेतली. टेम्पोत सामान चढेपर्यंत कुठं जाणार ते त्यांनी मलाही सांगितलं नाही. मी दुखावले, ते त्यांना दिसलं. "राग धरू नका, बाई," त्या म्हणाल्या. "तुमाला ठावं नसलं तर तुमाला खोटं बोलावं लागनार न्हाई."

नंतर कितीतरी दिवस जो भेटे तो मला हेच विचारी, सिस्टर कुठं गेल्या? दूधवाला विचारी, रेशन दुकानदार विचारी, हॉटेलवालाही विचारी. एकदा सुनंदाचा नवराच दारात आला. माहीत नाही, असं मी त्याच्या तोंडावर सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. बराच वेळ तो समोरच्या ओट्यावर बसून होता. मग उठून गेला.

काही वर्षांनी परभणी स्टेशनवर यमुनाबाई अचानक दिसल्या. चहा घेताना खूप बोलणं झालं. सुनंदा शिवणाचे वर्ग घेऊ लागली होती, हात थोडा वाकडाच बसला होता. कुठं राहता, हे विचारायला जीभ शिवशिवत होती, पण मी विचारलं नाही. गाडी आली तशा त्या उठल्या, माझ्या कानाशी वाकल्या आणि गाव, गल्ली, दाराची खूण, सगळं आपणहून सांगून गेल्या.

त्या घरी मी पुष्कळदा गेले. यमुनाबाई वारल्या तेव्हाही गेले होते. पण गावाचं नाव इथं लिहीत नाही. सुनंदा अजून तिथंच राहते.