आधी जुनं गॅस्केट दाखवा

दहानंबर मावशी ओरडत असते तोपर्यंत काही काळजी नसते, ते रोजचंच आहे. ती हळू बोलायला लागली की समजायचं, आता कुणाचं तरी खरं नाही.

त्या दिवशी ती अगदी हळू म्हणाली, "हे कुणी लिहिलंय, सिस्टर?"

सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातली नर्स, पाच वर्षांपासूनची गिऱ्हाईक. तिने आणलेल्या जॉबकार्डावर लिहिलं होतं: 'बाहेरील अप्रशिक्षित मेकॅनिककडून काम केल्याने इंजिन हेड खराब. हेड व सायलेन्सर बदलणे आवश्यक.'

बाहेरील मेकॅनिक म्हणजे मावशीच की! दुसरं कोण? जिन्याखालच्या त्या शटरच्या खोलीत सव्वीस वर्षं ती स्कूटरी खोलतेय. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाला होता, वहिनी, बाईचं काम नाही हे, विकून टाका. तिने दहा नंबरचा पाना उचलला आणि दिराचीच गाडी खोलायला घेतली. तेव्हापासून तिचं नाव दहानंबर. तोंडावर मात्र सगळे मावशीच म्हणतात, हिंमत आहे का कुणाची?

झालं असं होतं की लेकीच्या बाळंतपणासाठी मावशी दीड महिना लेकीकडे होती, शटर बंद. नेमकी तेव्हाच सिस्टरची गाडी फट् फट् करायला लागली. इंजिन आणि सायलेन्सरचा पाइप जिथे जोडतात तिथलं गॅस्केट, ती एवढीशी तांब्याची कडी, म्हातारी झाली होती. सिस्टर सर्व्हिस सेंटरला गेली. त्यांनी नवीन बसवलं. आठ दिवसांत परत फट् फट्. परत गेली, त्यांनी नट आवळून दिले. तिसऱ्यांदा गेली तर हे कार्ड!

मावशीने कार्डाच्या खालची सही बघितली आणि तिची कानशिलं तापली. ही सही तिने लेकीच्या लग्नाच्या नोंदणीवर बघितली होती. लेकीच्या सहीच्या अगदी शेजारी.

"चला," ती म्हणाली. पाना आणि टोच्या पर्समध्ये, दोन नव्या कड्या डब्यात, आणि मावशी सिस्टरच्या मागे बसली.

सर्व्हिस सेंटर म्हणजे पांढरी फरशी, काचेची केबिन, एसी. जावई तिथे सुपरवायझर. सासूला बघून तो अर्धा उभा राहिला.

"आई? तुम्ही इकडे?"

"जावईबापू, बसा बसा. या गाडीला तुम्ही नवीन गॅस्केट घातलंत ना? जुनं दाखवा."

"जुनं... फेकलं असेल, आई."

"असेल म्हणजे?"

मावशीच्या दुकानात भिंतीवर एक खिळा आहे. काढलेलं जुनं गॅस्केट त्या खिळ्याला लटकल्याशिवाय नवीन पाकिटाबाहेर येत नाही. लोक हसतात, मावशी, भंगार जमवताय का म्हणतात. हसू दे.

"मी उघडते," ती म्हणाली, पण सायलेन्सर तापलेला! वीस मिनिटं थांबणं आलं. रागाने फुटायची वेळ आली आणि गाडी गार व्हायची वाट बघत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, यासारखी शिक्षा नाही हो. त्यात लेकीचा फोन, जावयाने कळवलं असणार. मावशीने स्पीकरवर घेतला.

"आई, तिथे तमाशा करू नकोस ना प्लीज. त्यांचे साहेब असतात तिथे."

"मग मी काय मखरात बसू? ज्या दिवसांत मी तुझ्या घरी त्यांच्या पोराचे लंगोट बदलत होते ना, त्या दिवसांतलं काम आहे हे. आणि अप्रशिक्षित मी!"

"अगं, त्यांना माहीत नव्हतं तू आहेस ते!"

हे जावयाने ऐकलं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "खरंच, आई. ते वाक्य तयार असतं. बाहेर काम झालं असेल तर आपोआप पडतं. तुमच्या हातची गाडी आहे हे माहीत असतं तर..."

"तर नसतं लिहिलं? आणि दुसऱ्या कुणाची असती तर चाललं असतं? सासू नसलेल्या माणसाने कुठे जायचं, जावईबापू?"

तो सायलेन्सर गार झाला का ते बघायला वळला.

गाडी गार झाली. मावशी फरशीवर मांडी घालून बसली, दोन नट काढले, पाइप खाली घेतला. पाइपाबरोबर एक कडी आली, त्यांनी घातलेली, वाकडी दबलेली.

"बघा, हे आमचं. आत काहीच नाही," जावई म्हणाला. आत खरंच काळंकुट्ट गोल भोक, बाकी काही दिसत नव्हतं.

मावशीने टोच्या घेतला आणि त्या काळ्या कडेवर एक ओरखडा मारला.

लाल चमकलं.

"इंजिन तांब्याचं असतं का हो?"

तिने टोच्या कडेने फिरवला, हळूहळू उचकटलं, आणि काजळीने माखलेली दुसरी कडी तिच्या तळहातावर पडली. तिने स्वतः दीड वर्षापूर्वी बसवलेली.

"माझी म्हातारी झाली होती, मान्य. बदलायलाच हवी होती. पण तुम्ही टोपीवर टोपी घातलीत! मग पाइप बसणार कसा? आणि जितकं आवळाल तितकं वाकडं जाणार. वर म्हणे हेड खराब!"

मग तिने जागा पुसली. डब्यातली पहिली कडी लावून बघितली, तिची आतली कड भोकात डोकावत होती, ती परत डब्यात. दुसरी बरोब्बर बसली. पडू नये म्हणून ग्रीसचा ठिपका, पाइप वर, आणि दोन्ही नट आलटून पालटून, थोडं इकडे, थोडं तिकडे. सिस्टरने स्टार्टर दाबला. मावशीने जोडापाशी हात धरला. हवा नाही. फट् फट् नाही. नुसती गुरगुर.

"छान झालं, आई," जावई घाईघाईने म्हणाला, "चहा मागवतो."

"चहा नको. ती ओळ काढा."

"सिस्टीममधून डिलीट होत नाही हो."

"मग खाली लिहा. मी सांगते."

काचेमागून साहेब बघत होते. जावयाने एकदा तिकडे बघितलं, एकदा सासूकडे, आणि टाइप करायला लागला. 'जुने गॅस्केट आम्ही काढले नव्हते. हेड चांगले आहे. काम बाहेरील मेकॅनिकने केले.'

"अप्रशिक्षित लिहायचं राहिलं," मावशी म्हणाली.

"आई, प्लीज..."

"बरं, सही करा."

त्याने प्रिंट काढून सही केली. निघताना दारापर्यंत आला. "रविवारी येताय ना?"

"बाळाला बघायला येईन. तुम्ही घरात असलात तर असा."

दुकानात येऊन तिने शटर वर केलं, काळी कडी खिळ्याला लटकवली. वाकड्या कडीसाठी मात्र नवीन खिळा ठोकला, अगदी दारात, येणाऱ्याच्या डोळ्यासमोर.

"ही कशाला इथे?" सिस्टरने विचारलं.

"लोक विचारतील ना," मावशी म्हणाली, आता चांगली मोठ्याने. "विचारू देत!"