मामांची तहकूब भिकबाळी

ठरावाशिवायही माणसं जगू शकतात, हे आमच्या मामांना कधी पटलंच नाही. धारूरजवळच्या आमच्या गावात ते दूध सोसायटीचे वर्षानुवर्षं चेअरमन, आणि घर ही सोसायटीचीच एक शाखा असल्याचा त्यांचा प्रामाणिक समज. रात्री पिठलं करायचं की वांगं, हा विषय रीतसर मांडला जायचा. मामी सूचक, मी पाहुणा असलो तरी अनुमोदक, आणि मग ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणून मामा गंभीरपणे लसूण सोलायला बसायचे. माझ्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि अंतरपाट दूर होणार, एवढ्यात त्यांनी सवयीनं मांडवाकडे वळून विचारलं, ‘विरोधात कुणी?’ नवरीकडची मंडळी पाचपरतावणीपर्यंत आमच्याकडे संशयानं बघत होती. दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली आणि डेअरीत येणारं दूध संचालकांच्या चहालाही पुरेना, तरी मामांची सभा चुकली नाही. कोऱ्या चहावर दूधवाढीचा ठराव पास झाला.

पण मामांचं खरं हत्यार म्हणजे ‘तहकूब’. नको असलेली गोष्ट ते नाकारत नसत, पुढच्या सभेवर टाकत. त्याच दुष्काळाच्या उन्हाळ्यात मामीला कावीळ झाली, दुखणं हाताबाहेर जातंय असं वाटलं, आणि घाबरलेले मामा अंबाजोगाईच्या योगेश्वरीला नवस बोलले की ही उठली तर भीक मागून कानात भिकबाळी घालीन. मामी उठली, चुलीपुढे बसली, भाकरी थापू लागली. मग मामांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, त्यांना सुईची भयंकर भीती होती. गुरांचा डॉक्टर म्हशीला इंजेक्शन द्यायला आला, तरी हे गोठ्याबाहेर तोंड फिरवून उभे राहायचे. दुसरी, त्यांनी जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता. झालं, नवस तहकूब! आधी गणपूर्ती होईना. मग पदावर असलेल्या चेअरमननं भीक मागावी का, यावर उपसमिती बसली, म्हणजे मामा एकटेच ओट्यावर बसले. मामी अधूनमधून विचारायची, ‘कानाचं कावून लांबवायलाव?’

‘अभ्यास चालू हाय,’ मामा सांगायचे. असा अभ्यास तिकडे अंबाजोगाईच्या डॉक्टरकीच्या पोरांनीही कधी केला नसेल.

पुढे बऱ्याच वर्षांनी मामीच्या पित्ताशयात खडे निघाले आणि तिला अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवलं. मी सोबतीला होतो. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करायला हवं, थांबण्यात धोका आहे. आयुष्यभर कशालाही न घाबरलेली मामी मात्र हटून बसली. पोटाला सुरी लावू देईना. मामा तिला दिवसभर समजावत होते, ‘डोळे मिटायचे, झालं. त्यात भ्यायचं काय? तू लई भित्री!’

भित्री म्हटल्यावर मामी उठून बसली. ‘असं हाय का? मंग तुमी आदी कान टोचून या. मी लगीच पोट चिरू देते. न्हाई तर गाडी घराकडं लावा.’

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी अनुमोदन दिलं.

सोनाराकडून मामांनी सोन्याची बाळी घेतली. टोचायचं विचारलं तर तो म्हणाला, आता सगळे कॉलेजजवळच्या स्टुडिओत जातात. स्टुडिओ म्हटल्यावर मामांनी जिन्यातच टोपी काढून केस विंचरले आणि ती पुन्हा घातली. आत भिवईत कडी अडकवलेली, हातभर गोंदलेली एक मुलगी हातमोजे चढवत होती. तिनं बाळी पाहिली आणि मान हलवली. ‘काका, ही आत्ता नाही घालायची. जखम भरेपर्यंत आमचीच कडी. साधी स्टीलची आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत.’

मामा बाळीकडे बघत राहिले. मला वाटलं, चला, सभा तहकूब. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं. ‘ही तर मी इकत घेतली,’ ते हळूच म्हणाले. ‘नवस भिकेचा हाय.’

आणि गावच्या सोसायटीच्या चेअरमननं टोपी काढली, खांद्यावरचं उपरणं त्या मुलीपुढे पसरलं. ‘माय, ती कडी मला भीक घाल. घरधनीण दवाखान्यात हाय.’

मागे दोन कॉलेजकुमार नाकात काहीतरी घालून घ्यायला बसले होते, त्यांनी मोबाइल खाली ठेवले. मुलगी गोंधळली, पण तीही कुणाची तरी लेक होती. तिनं कडी जंतुनाशकातून काढली, चिमट्यानं उपरण्यावर धरली, टेकवल्यासारखं केलं आणि म्हणाली, ‘दिली, काका. आता बसा.’ मग तिनं उजव्या कानाच्या वरच्या पाळीवर शाईचा ठिपका दिला. मामा म्हणाले, ‘पाच मिनिटं थांबावं, असा ठराव...’ तेवढ्यात सुई आरपार गेली. ठरावाचं वाक्य अर्धं राहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या मनगटावर त्यांची बोटं संध्याकाळपर्यंत उमटलेली होती.

वॉर्डात मामा टोपी न घालताच शिरले. मामीनं त्यांना वाकायला लावलं, लाल झालेला कान उजेडाकडे वळवून नीट पाहिला. ‘दुखलं का?’

आता हे काहीतरी फुशारकी मारणार, म्हणून मी तयारीत राहिलो.

‘लई दुखलं,’ मामा म्हणाले. ‘मला तर रडूच आलं. पर तुझ्यावाचून मी घरात एकटा काय करू?’

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी कधीच मांडलं नसावं, कारण मामीनं पदरानं तोंड झाकून घेतलं. मग ती आतूनच म्हणाली, ‘जा, डाक्टरला बोलवा. उद्याच करा म्हणावं.’ मामा दाराकडे निघाले, तर तिनं त्यांचा हात सोडला नाही. शेवटी डॉक्टरांना बोलवायला मीच गेलो.