खाऱ्या बांगड्याचं पान

न्यूझीलंडमध्ये साप नाहीत, हे इथे आल्याआल्या मला भेटेल त्याने कौतुकाने सांगितलं होतं. आमच्या हॅमिल्टनमध्ये कावळे नाहीत, हे मात्र एकानेही सांगितलं नाही. कोण कशाला सांगेल? कावळ्यावाचून कुणाचं अडतं? आईचं अडलं. बाबांना जाऊन वर्ष उलटल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, ते दोन हजार सोळा साल असावं, आणि पाठोपाठ पितृपक्ष आला.

तिकडे ठाण्याला भावाने रीतसर महाळ घातला. भटजी, वडे, खीर, सगळं झालं. आईने ते फोनवर पाहिलंही. तरी तिचा एकच हट्ट, "मी जिथे आहे तिथे मी त्यांचं पान ठेवणार." बरं बाई, ठेव. मी फिलिपिनो दुकानातून फ्रोझन केळीची पानं आणली. आईने पहाटे उठून रांधलं आणि सप्टेंबरच्या त्या गारठ्यात, साडीवर माझं पफर जॅकेट चढवून, घरामागच्या लाकडी डेकवर पान मांडलं. "काव काव" करून हाका मारून झाल्या. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी कुंपणावरून डोकं वर काढलं आणि "किया ओरा!" असा माओरी नमस्कार करून हात हलवला. आईनेही जॅकेटच्या बाहीतून हात काढून हलवला.

थोड्या वेळाने एक मॅगपाय पक्षी आला. काळापांढरा, तोऱ्यात चालणारा. आईचा चेहरा उजळला. त्याने पानाभोवती एक फेरी मारली, खिरीकडे तिरकं पाहिलं आणि निघून गेला. "आज्जी, ही डझन्ट लाइक इट," माझी लेक दारातून म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र इंग्रजीत. दुपारी शेजारचं मांजर येऊन खीर चाटून गेलं. "मांजर शिवलेलं चालतं का गं?" मी विचारलं. चेष्टाच केली होती मी. आई त्या दिवशी जेवलीच नाही.

हे एवढ्यावरच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण बाबांच्या दहाव्याला घाटावरही कावळा शिवला नव्हता. पिंड मांडून आम्ही सगळे उन्हात उभे, समोरच्या झाडावर ढीगभर कावळे, आणि एकही खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं आपल्यात धरतात. मग ती ओळखायची आणि तसा शब्द द्यायचा. काका हात जोडून पुढे झाले. "वहिनींचं आम्ही बघू हो!" कावळे ढिम्म. "लेकीचं माहेर तुटू देणार नाही!" ढिम्म. "गावच्या घरावर नवीन कौलं घालू!" एवढंसुद्धा कबूल करून टाकलं बिचाऱ्यांनी. आई पदर तोंडाला लावून गप्प उभी होती. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि आम्ही घरी आलो.

तेव्हापासून आईचं जेवण गेलं. वर्षभरात ती निम्मी झाली. अर्धी पोळी, दोन घास दहीभात, की "जात नाही गं" म्हणून ताट बाजूला. आणि मासे तर बंदच. कुणी बंद कर म्हटलं नव्हतं. आम्ही मालवणकडची माणसं, आमच्या घरी रविवारी बाबा बाजारातून पिशवी घेऊन आले की आई आधी पिशवीत डोकावायची, मग त्यांच्याकडे बघायची. त्या बाईने मासा तोंडाला लावणं सोडलं होतं. मी सुरमई आणली, स्नॅपर आणला, हात जोडले, ओरडले. काही उपयोग झाला नाही.

मला या कावळ्याची भयंकर चीड यायची. "त्या पाखराला डोंबल कळतंय बाबांना काय हवं होतं ते!" असं मी तिला एकदा ताडकन बोलले. "तुझं बरोबर असेल," ती म्हणाली आणि भात चिवडत राहिली. आई भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. माझी आई भांडणारी होती. ही गप्प बाई कोण माझ्या घरी राहायला आली आहे, असं मला वाटायचं, आणि तीही माझ्या डोळ्यांदेखत विरघळून जाईल अशी भीती वाटायची.

त्याच पितृपंधरवड्यात मला ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागातल्या ऑफिसात मीटिंग होती. आईला घरी एकटं ठेवायची छाती होईना, म्हणून तिला गाडीत घालून ऑकलंडला नेलं. मीटिंग होईपर्यंत ती मॉलमध्ये एका बाकावर बसून राहिली. मी आले तेव्हा पोटात कावळे कोकलत होते. हो, तेवढे कावळे माझ्याकडे होते. फूड कोर्टकडे बघून आईने मान फिरवली. "घरी जाऊन भात लावू." घर दीड तासावर! मग ऑफिसातल्या एका फिलिपिनो मैत्रिणीने सांगितलेली जागा आठवली. "अगदी घरच्यासारखं मिळतं," ती म्हणाली होती, "फक्त आत गेल्यावर दचकू नकोस."

टायरचं दुकान आणि गॅरेज यांच्या मधे ते हॉटेल होतं. दार ढकललं आणि मी दचकलेच. हॉटेल कसलं, जुन्या बाजाराचं गोदाम! भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. शिवणयंत्रांच्या पायांवर फळ्या टाकून केलेली टेबलं. एकीकडे न्हाव्याची खुर्ची, एकीकडे चर्चमधला लांब बाक, दुधाचे मोठे पत्र्याचे कॅन, टाइपरायटर, इंग्लंडच्या राणीचं तोंड छापलेले कप, लाकडी संत, आणि सगळ्यांवर लक्ष ठेवून असल्यासारखे भिंतीवर टांगलेले माणसाएवढे लाकडी चमचा आणि काटा. मला हसू आलं. आईकडे वळले तर ती दारातच खिळली होती. नाक वर करून.

वास मलाही आला. आतल्या स्वयंपाकघरात कुणीतरी खारवलेले सुके मासे तळत होतं. आमच्या हॅमिल्टनच्या घरात हा वास आला की स्मोक अलार्म आणि शेजारी दोघेही बोंब मारतात, त्यामुळे तो मी कित्येक वर्षांत घेतला नव्हता. "पितृपक्ष आहे गं," आई पुटपुटली, पण आत आली. आम्ही चर्चच्या बाकावर बसलो.

आमच्या बाजूलाच एक जुना, कपाटाएवढा रेडिओ होता. त्यावर एका हसऱ्या माणसाचा फोटो, आणि फोटोपुढे कुणीतरी ताट ठेवून गेलेलं: भात, तळलेला मासा, उकडलेलं अंडं, कॉफीचा छोटा कप. "टेबलं तरी उचलावीत या लोकांनी," मी करवादले.

"गप्प बस," आई म्हणाली. किती दिवसांनी तिने मला गप्प बस म्हटलं होतं! "ते उष्टं नाहीये. कडा बघ कशा पुसल्यात. पान ठेवलंय कुणाचं तरी."

मालकीणबाई ऑर्डर घ्यायला आल्या. साठीच्या, ठेंगण्या, पायात मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. आईने माझ्यामार्फत विचारलं, "हे ताट कुणाचं?" बाई खुश झाल्या. ताट नवऱ्याचं. तो इथे वेल्डर होता आणि दर शनिवारी लोकांच्या गराजमधल्या जुन्या वस्तू उचलून आणायचा. "मी म्हणायची, भंगार आणतोस. आता भंगार आहे, तो नाही." हॉटेल काढलं ते यासाठीच, की हे सगळं ठेवायचं कुठे? आणि रोज पहिलं ताट त्याचं.

"विचार तिला," आई पुढे झुकली, "शिवतं कोण?"

हे इंग्रजीत कसं विचारायचं, देवाला ठाऊक. मी म्हटलं, हे नंतर कोण खातं? बाईंनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "आधी तो. वाफ असते तोवर तो जेवतो. कॉफी गार झाली की त्याचं झालं. मग आम्ही खातो. अन्न फुकट का घालवायचं?"

"घरच्यांनीच खायचं?" आईचा हात तोंडावर गेला.

"मग काय टायरवाल्याने?" बाई म्हणाल्या. मग ताटातल्या माशाकडे बोट करून म्हणाल्या, "शेवटची दोन वर्षं डॉक्टरने त्याचं मीठ तोडलं होतं. हा मासा मी लपवून ठेवायची. आता रोज देते. आता काय वाढणार त्याचं ब्लडप्रेशर?" आणि स्वतःच खदखदून हसल्या.

मी हे आईला सांगितलं. आई हसली. मोठ्याने, पूर्वीसारखी, खांदे उडवत. मी तिच्याकडे बघतच राहिले. आणि मग त्या हसण्यातच तिला रडू फुटलं, असं की मालकीणबाईंनी हातातली वही टाकून तिचे खांदे धरले.

"त्यांनी मागितला होता गं," आई म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात. खाऱ्या बांगड्याचा तुकडा, एवढासा. डॉक्टरने मीठ बंद केलेलं. मी म्हटलं, बरे व्हा, मग देते."

"मग दहाव्याला का नाही बोललीस?" मी ओरडलेच. "काका कौलं घालायला निघाले होते!"

"सोवळ्यातल्या भटजींपुढे, पिंडासमोर, खाऱ्या बांगड्याचं नाव घेऊ? सगळं गाव उभं होतं. जीभच उचलली नाही. आणि महाळाला तर खीरच वाढायची. आधी डॉक्टर आडवा आला, मग शास्त्र."

कावळ्यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, पण आई वर्षभर जेवणाच्या प्रत्येक ताटासमोर काय घेऊन बसत होती ते मला आता कळलं. तिने बाबांना नाही म्हटलं होतं, आणि त्यानंतर तिला स्वतःला हो म्हणता येत नव्हतं.

मालकीणबाईंना सगळं सांगावं लागलं नाही. अर्धं ऐकूनच त्या आत गेल्या आणि एक रिकामं ताट, गरम भात आणि तळलेले मासे घेऊन आल्या. आईने स्वतः वाढलं. भाताची मूद पाडली, मासा डाव्या बाजूला ठेवला, पदराने ताटाची कड पुसली. बाईंनी नवऱ्याचा फोटो जरा सरकवून रेडिओवर जागा केली आणि कॉफीचा कप आणला. "कॉफी नको म्हणावं," आई म्हणाली, "ह्यांना चहा लागतो." चहा आला, राणीच्या तोंडाच्या कपातून.

आईने हात जोडले. "झालात ना बरे?" ती हळूच म्हणाली. "घ्या आता."

मग आम्ही बसून राहिलो. माझ्यासमोर चिंचेच्या आंबट रश्श्यातलं मटण आणि लसणीचा भात येऊन गार होत होता आणि मी, कावळ्याला शिव्या देणारी मी, श्वास रोखून त्या चहाच्या वाफेकडे बघत होते. आईने घासही उचलला नव्हता. भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळेला ठोके देत होती. आजूबाजूची माणसं जेवून उठली. नवीन आली. वाफ पातळ होत होत दिसेनाशी झाली.

मालकीणबाई दुसऱ्या टेबलाच्या बशा उचलून आत निघाल्या होत्या. जाताजाता थांबल्या. नवऱ्याच्या कॉफीत करंगळी बुडवून पाहिली, मग बाबांच्या चहात. "झालं दोघांचं," त्या सहज म्हणाल्या, आणि दुसऱ्या हातात बशांची चळत तशीच तोलत बाबांच्या ताटातल्या माशाचं शेपूट मोडून तोंडात टाकलं. "कुरकुरीत आहे," असं म्हणून त्या आत गेल्या.

आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"शिवला," ती म्हणाली.

मी हसले नाही. माझ्या तोंडून हो एवढंच निघालं. आई उठली, रेडिओवरचं ते ताट दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणलं आणि पदर खोचून बसली. माशाचा मधला काटा एका ओढीत काढला, तुकडा भातात कालवला आणि पहिला घास घेतला. चावत राहिली, डोळे पुसत राहिली. दुसरा घास. तिसरा. मूद संपली तेव्हा तिने ताट बोटाने निपटून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"बघत काय बसलीस? भात माग अजून थोडा," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."