रुळाला लावलेला कान

साळवे सिस्टर नळाला पाणी केव्हा येणार ते पाइपाला नळी लावून सांगत. नळी म्हणजे गरोदर बाईच्या पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायची. ॲल्युमिनियमची, वीतभर, एका टोकाला कर्ण्यासारखी पसरलेली. जन्मभर सरकारी दवाखान्यांत बाळंतपणं करून सिस्टर गारखेड्यात आमच्या गल्लीत राहायला आल्या, त्या ही नळी घेऊनच. गल्लीचा पाइप नेमका त्यांच्या फाटकापाशी जमिनीतून वर येई. तिथे स्टूल टाकून त्या बसत, नळी पाइपावर टेकवत, डोळे मिटत आणि निकाल देत, "अजून लेकरू लई वर हाय. जेवून घ्या निवांत." नाहीतर, "कळा चालू झाल्या. घागरी काढा."

ती दुष्काळाची लागोपाठची वर्षं होती. पाणी कधी पाचव्या दिवशी यायचं, कधी आठव्या. शहराला त्याचं सोयरसुतक नव्हतं. कालपर्यंत ज्वारी होती तिथे चार मजले उभे राहत होते आणि प्रत्येक नव्या इमारतीबरोबर आमच्या नळाची धार करंगळीएवढी बारीक होत चालली होती. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. ध्वनीवर तासच्या तास बोलणारा माणूस म्हणून मी एकदा ऐटीत ती नळी मागून घेतली आणि पाइपाला लावली. धडधड ऐकू आली. "येतंय, सिस्टर," मी म्हणालो. त्यांनी माझं मनगट धरून नाडी पाहिली. "ते तुमचंच बीपी हाय, सर. उद्या दवाखान्यात जाऊन या," म्हणाल्या. खरंच निघालं.

ही विद्या कुठली, असं विचारलं की त्या म्हणायच्या, "माहेरची." पाचोरा ते जामनेर धावणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळांवर त्यांचे वडील गँगमन होते. पहूर स्टेशनाजवळ खोली. "रुळाला कान लावला की मला कळायचं, गाडीनं शेंदुर्णी सोडली म्हणून. मी सांगायचे, मग बाप चहा पिऊन उठायचा. एकदा बी चुकले नाय." नर्सिंगला गेल्यापासून मात्र त्या गाडीत पुन्हा बसल्या नव्हत्या. पुढे ती गाडी बंद करून रूळ रुंद करणार अशी बोलणी ऐकू येऊ लागली, आणि गाडी असेतोवर एकदा जाऊन यावं हे सिस्टरांच्या मनाने घेतलं.

पण गल्ली सुटेना. एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. सिस्टर नवं निळं लुगडं नेसून, डबा घेऊन चढल्या, आणि निघता निघता "एकदा बघते," म्हणून उतरल्या. नळी लावली. हात वर केला. "आज येणार." झालं. अख्खी सहल उतरली आणि ठेवणीतले कपडे घालून पाणी भरत बसली. दुसऱ्या वेळी मी त्यांना माझ्या गाडीतून नेत होतो, तर शहराच्या वेशीवरचं हर्सूल येईपर्यंत त्यांचा जीव इतका कासावीस झाला, की मी मुकाट्याने गाडी वळवली.

तिसऱ्या वेळी मी सरळ खोटं बोललो. "सिस्टर, व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस भेटला होता. रविवारी पाणी नाही म्हणाला. नक्की." त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्ही सांगता म्हंजे नसंल," म्हणाल्या आणि नळी फाटकाला अडकवून निघाल्या. त्यांच्या घराची किल्ली घेऊन माझी बायको वंदना घरीच थांबली.

अजिंठ्याचा घाट उतरल्यावर त्यांचं वय उतरायला लागलं. पहूरला पोचेतोवर त्या शाळकरी झाल्या होत्या. फलाटावर मोजकी माणसं होती. सिस्टरांनी पदर खोचला, रुळापाशी गुडघे टेकले आणि कान लावला. "बघा आता," म्हणाल्या. मी बघत राहिलो. वळणावर गाडी दिसली. शिट्टी झाली. माणसांनी पिशव्या उचलल्या. आणि सिस्टर तशाच, कान रुळाला, मला बोटाने 'थांबा' म्हणून सांगत होत्या. मी धावत जाऊन त्यांना दंडाला धरून उठवलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

डबा इवलासा, समोरच्या माणसाचे गुडघे आपल्याला लागतील असा. पुढचं स्टेशन मागे पडलं. मग सिस्टर म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, सर. उजवा कान गेलाच, डावा बी चाललाय. तोंडं बघून बोलणं समजून घेते. गल्लीतल्या बायका तशा बी रोज तेच बोलतात."

"मग पाणी कसं कळतं?"

"हातानं. पाण्याच्या आधी पाइप थरथरतो, मग गार पडतो. नळी नुसती शोभेची. सकाळपासून हात ठिवून बसावं लागतं. जरा उठले अन् नेमकं आलं तर? म्हातारी कामातून गेली म्हणतील. आज नाय म्हणालात, म्हणून तर आले."

मला स्वतःची लाज वाटली. या बाईला गल्ली का सुटत नव्हती ते आता कळलं होतं. मी म्हणालो, "सिस्टर, मला कुणी भेटलं नव्हतं. मी खोटं बोललो."

"पुन्हा बोला."

मी मोठ्याने बोललो. अख्ख्या डब्याला कळलं. वांग्यांची पाटी घेऊन बसलेली एक बाई माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी सिस्टरांना पळवून आणलं होतं.

सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. "म्हंजे आपण दोघं बी खोटारडे. आता मधी उतरून तरी काय करू? बसते." त्यांनी खिडकीच्या लाकडावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. "हितं बी हातानंच कळायलंय," म्हणाल्या. जामनेर येईपर्यंत तो हात त्यांनी काढला नाही.

परत येताना मात्र त्यांना चिंतेने घेरलं. गल्लीत शिरलो तर रस्ता ओला. दुपारी पाणी येऊन गेलं होतं. सिस्टरांनी घाईघाईने दार उघडलं. ड्रम भरलेला, घागरी भरलेल्या, कुकर, परात, चहाचं पातेलं भरलेलं. शेजारणींनी खलबत्तासुद्धा सोडला नव्हता.

"कुणाला ऐकू आलं?" त्यांनी विचारलं.

"आम्हीच लावली नळी," वंदना सावकाश, तोंड नीट उघडून म्हणाली. "पण तुमच्यासारखं जमलं नाही. पहिली धार वाया गेली."

"जमंल. सवयीनं जमंल," सिस्टर म्हणाल्या. चेहरा उजळला होता.

घरी आल्यावर मी वंदनाला म्हणालो, "खरंच नळी लावली?"

"नळी कशाला? पाणी यायच्या आधी पाइप एवढा घरघरतो, शेजारच्या गल्लीत ऐकू जातं."

"मग इतकी वर्षं?"

"त्यांनी सांगितल्यावर घागरी काढायला बरं वाटतं."

"आणि त्यांचा कान..."

"तो गेलाय हे तुमच्याशिवाय सगळ्या गल्लीला माहीत आहे. ध्वनी शिकवता ना तुम्ही?"

त्यानंतर मी दोन गुपितं सांभाळत त्या गल्लीत राहिलो. सिस्टरांच्या हाताचं गल्लीला कळू दिलं नाही आणि गल्लीच्या कानाचं सिस्टरांना. पुढे ती छोटी गाडी बंद झाली. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या हातात हाय की." नंतर एका उन्हाळ्यात त्याही गेल्या.

पाणी अजूनही असंच येतं. पाइप घरघरतो, दारं उघडतात, घागरी रांगेला लागतात. आणि सगळ्या बायका जरा वेळ सिस्टरांच्या फाटकाकडे बघत उभ्या राहतात. तेवढ्यात पहिली धार वाया जाते.